काटा खोटे सांगू लागला तर?



'काटा' म्हटले की आपल्या भागात पहिला आठवतो तो कारखान्याच्या फाटकावरचा वजनकाटा. आजचा आमचा विषय तो नाही. त्याची तपासणी करणारे सरकारी खाते आहे, आणि आपणा सर्वांचे डोळेही त्याच्यावर असतात. आज बोलायचे आहे ते आपल्या शेतात आणि कारखान्यात पसरलेल्या इतर शेकडो काट्यांबद्दल, ज्यांच्याकडे सहसा कोणी संशयाने पाहत नाही. ठिबकावरचे प्रेशर गेज, पाण्याचे मीटर, मोटरच्या पेटीतला अँमीटर, जमिनीतला ओलावा सांगणारा सेन्सर, मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी. पूर्वी पाणी देणारा गडी सरीत पाय घालून ओल बघत असे. आता तो गेजकडे बघतो आणि सांगतो, "काटा एकावर हाय, म्हंजे चाललंय की!"

काटा एकावर आहे हे खरे. पण चाललंय कशावरून? काटाच बिघडला असेल तर? आणि बिघडला असेल तर किती? या तीन प्रश्नांवर जगभरच्या इंजिनिअर मंडळींनी गेली साठ वर्षे डोके चालवले आहे. त्यातून जी युक्ती निघाली ती आपल्या सभासदांना उपयोगी आहे अशी आमची खात्री आहे. युक्ती समजण्यासाठी आधी मुंबईच्या जुहू-वांद्रे किनाऱ्यावर घडलेली एक हकीगत सांगणे भाग आहे.

एकशेएक सेकंद

मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिचे पश्चिम टोक आणि समुद्र यांच्यामध्ये जुहूची वस्ती. पश्चिमेकडे उडालेले विमान पाहता पाहता जमीन ओलांडून अरबी समुद्रावर जाते. दिवसा हे दृश्य मोठे सुरेख असते. रात्री मात्र मागे शहराचे दिवे आणि पुढे नुसता काळोख. आकाश कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, ते डोळ्यांना कळत नाही.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो जेट दुबईला जाण्यासाठी येथून उडाले. १९७१ साली एअर इंडियाच्या ताफ्यात आलेले हे पहिले जंबो. विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. कॅप्टनच्या गाठीला सुमारे १८ हजार तासांचे उड्डाण. यंत्रे चालू, इंजिने ठणठणीत.

किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे थोडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनच्या पुढ्यातले 'कृत्रिम क्षितिज' सरळ झाले नाही. पंख क्षितिजाला समांतर आहेत की एका बाजूला कलले आहेत, हे दाखवणारी ही तबकडी असते. काळोखात वैमानिकाचे डोळे म्हणजे तीच. तबकडी सांगत होती की विमान अजून उजवीकडे कललेलेच आहे. म्हणून कॅप्टनने ते डावीकडे वळवले. तबकडी हलेना, तसे आणखी डावीकडे. प्रत्यक्षात विमान डावीकडे कलंडत चालले होते. शेवटी ते काटकोनाच्याही पलीकडे, १०८ अंशांपर्यंत कलले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. धावपट्टी सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत. २१३ पैकी एकही जण वाचला नाही.

भारतातील चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा : कॅप्टनचे कृत्रिम क्षितिज बिघडले, त्याला विमानाच्या खऱ्या स्थितीचे भान राहिले नाही, आणि उरलेल्या यंत्रांच्या आधारे विमान सावरता आले नाही. पुढे अमेरिकेत उत्पादकांवर दावे झाले. १९८५ मध्ये तेथील न्यायालयाने उत्पादकांचा निष्काळजीपणा मान्य केला नाही. तो कायद्याचा भाग झाला. आपण लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे.

विमानात कृत्रिम क्षितिजे एक नव्हे, तीन होती. एक कॅप्टनपुढे, एक सहवैमानिकापुढे आणि एक राखीव. आपले यंत्र बिघडल्याचे कॅप्टन बोलला, तेव्हा सहवैमानिकही आपले यंत्र कलंडल्याच्या अर्थाचे बोलला. वस्तुतः त्याचे यंत्र खरे दाखवत होते. कलंडले होते ते विमान! फ्लाइट इंजिनिअरने त्या यंत्रावर जाऊ नका, असा इशारा दिला. म्हणजे खरे सांगणारे साक्षीदार हजर होते. खोटे कोण आणि खरे कोण, याचा निवाडा करायला मात्र काही सेकंदच होते, आणि त्या काळोखात, त्या गोंधळात तो झाला नाही.

जुन्या वैमानिकांचा हिशेब

मग असा निवाडा करायचा कसा? याचेही उत्तर शोधायला लांब जायला नको. सांताक्रूझच्या शेजारीच जुहूचे जुने विमानतळ आहे. ते १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे एकट्याने लहानसे विमान चालवत उतरले ते येथेच. आज जुहूहून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात.

त्या काळातल्या वैमानिकांपाशी होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि वेगाचा काटा. ते हिशेब करीत : इतक्या वेगाने, या दिशेने, इतकी मिनिटे उडालो, तर आता खाली अमुक नदी दिसली पाहिजे. नदी वेळेवर दिसली तर हिशेब बरोबर. पाच मिनिटे उशिरा दिसली तर समोरून वारा आहे. मग पुढच्या टप्प्यात तेवढा वारा हिशेबात धरायचा. पुढचे गावही थोडे उशिरा आले, तर वाऱ्याचा अंदाज आणखी थोडा वाढवायचा. दोन-चार खुणा गाठेपर्यंत वाऱ्याचा आकडा जवळजवळ बरोबर येई. वारा डोळ्यांना दिसत नाही, तो मोजायला यंत्रही जवळ नाही. तरी तो कळला, तो हिशेब आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या तफावतीवरून.

बंधूंनो, सगळे शास्त्र या एका गोष्टीत आले. खऱ्या यंत्राशेजारी कागदावरचे एक यंत्र चालवायचे. खऱ्याला जे दिले तेच कागदावरच्याला द्यायचे. दोघांची उत्तरे ताडून पाहायची. फरक आला तर त्याच्या प्रमाणात कागदावरचा अंदाज थोडा थोडा दुरुस्त करीत जायचे. हा अंदाज हळूहळू न दिसणाऱ्या गोष्टीच्या खऱ्या आकड्याला जाऊन टेकतो. ती न दिसणारी गोष्ट वारा असेल, नाहीतर यंत्रातला बिघाड असेल.

कागदावरच्या या यंत्राला इंजिनिअर 'निरीक्षक' म्हणतात. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये आणि डेव्हिड ल्युएनबर्गर यांनी १९६४ मध्ये त्याचे गणित मांडले. काल्मन यांची पद्धत तर चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांची वाट ठरवण्यासाठी वापरली गेली. पुढे १९७३ च्या सुमारास आपले आकडे आपणच सुधारत जाणारा, म्हणजे 'जुळवून घेणारा निरीक्षक' पुढे आला. त्यावर काम करणाऱ्या पहिल्या मंडळींत अमेरिकेच्या येल विद्यापीठातले भारतीय वंशाचे प्राध्यापक कुंपती नरेंद्र होते. त्याच सुमारास हीच युक्ती बिघाड हुडकण्यासाठीही वापरता येईल, हा विचार रुजू लागला.

जुहूचीच आणखी एक घटना सांगून पुढे जाऊ. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे एक मोठे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपली तरी थांबले नाही. कोणी दगावले नाही, पण विमान मोडीत निघाले. १९५३ मध्ये एक ब्रिटिश जेट विमानही असेच चुकून येथे उतरले होते. समोर धावपट्टी दिसली की मन म्हणते, हीच ती. पण दिसलेली गोष्ट हिशेबाशी ताडली नाही, तर डोळेही फसवतात. मग बिचाऱ्या काट्याचे काय घेऊन बसलात?

दुपटीला दुप्पट नसते

येथे एक अडचण येते. हिशेब मांडायचा तर यंत्राचा स्वभाव ठाऊक हवा, आणि पुष्कळ यंत्रांचा स्वभाव सरळ नसतो. मजुरी सरळ असते. एका गड्याला इतकी, तर दोघांना दुप्पट. शास्त्रात याला रेषीय म्हणतात. विमान तसे नाही. ३० अंश कलून वळताना उंची टिकवायला पंखांना सुमारे १५ टक्के जादा उचल द्यावी लागते. ६० अंशांवर ती १५ टक्क्यांची दुप्पट म्हणजे ३० टक्के होत नाही, १०० टक्के जादा लागते! आणि काटकोनाच्या पलीकडे पंखांची उचल विमानाला वर न नेता खाली ढकलू लागते. अशा यंत्रांना अरेषीय म्हणतात. त्यांचा निरीक्षक करायचा तर हा वाकडा स्वभाव कागदावर आधी उतरवावा लागतो.

आपले ठिबकही अरेषीयच आहे. साध्या ड्रिपरमधून पडणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पडते. दाब निम्मा झाला तर पाणी निम्मे होत नाही, ते सुमारे ७० टक्के राहते. पाणी निम्मे व्हायला दाब एक चतुर्थांशावर यावा लागतो. म्हणूनच सरीला नुसते बघून "पाणी पडतंय की" म्हणणारा फसतो.

एक एकर उसाचा निरीक्षक

आता कागद-पेन्सिल घ्या. एक एकर ऊस, सरी ५ फुटी, नळीवर ४० सेंटिमीटरला एक ड्रिपर, एक किलो दाबाला ड्रिपरची क्षमता ताशी ४ लिटर. एकरात नळी बसते सुमारे २,६५५ मीटर. तिच्यावर ड्रिपर सुमारे ६,६००. म्हणजे एक किलो दाबाला ताशी साधारण २६,५०० लिटर पाणी गेले पाहिजे. दाब ०.८ असेल तर वर्गमुळाच्या हिशेबाने २३,७०० लिटर. दाब ०.६ असेल तर सुमारे २०,५०० लिटर. हे झाले कागदावरचे ठिबक.

समजा आज गेज एक किलो दाखवते आणि मीटरवर मात्र ताशी २३,३०० लिटर उतरले. तफावत ३,२०० लिटरची, म्हणजे १२ टक्के. लगेच "ड्रिपर तुंबले" म्हणून आम्लाचा कॅन आणायला धावायचे का? नाही. मोटरचा दाब वर-खाली होतो, मीटर वाचताना घाई होते. एका दिवसाच्या आकड्यावर निकाल देऊ नये. जुळवून घेणारा निरीक्षक काय करतो पाहा. तो तुंबल्याचा अंदाज शून्यापासून धरतो आणि दर पाळीला उरलेल्या तफावतीच्या फक्त चौथ्या हिश्श्याने तो वाढवतो. पहिल्या पाळीला ३ टक्के, दुसऱ्या पाळीला सव्वापाच, तिसऱ्या पाळीला सुमारे सात, आणि आठव्या पाळीपर्यंत पावणेअकराच्या पुढे. तफावत खरी असेल तर अंदाज १२ च्या जवळ जाऊन स्थिरावतो. एका दिवसाची चूक असेल तर तो थोडा वर जाऊन परत खाली येतो.

चौथा हिस्सा का? अर्धा का नाही? अर्धा धरला तर बिघाड लवकर कळेल, पण प्रत्येक बारीकसारीक गडबडीमागे अंदाज धावू लागेल. विसावा धरला तर अंदाज शांत राहील, पण कळेपर्यंत उसाची एक-दोन कांडी आखूड पडलेली असतील. किती घाई करायची आणि किती धीर धरायचा, हे कामावर अवलंबून. उसाला आठ पाळ्या चालतात. विमानाला एक-दोन सेकंदही पुष्कळ झाले, म्हणून तेथे हा हिशेब संगणक सेकंदात कित्येकदा करू शकतो.

दोन चोर, एकच पाऊल

आता खरी गंमत. १० टक्के पाणी कमी भरते आहे हे कळले. पण गुन्हेगार कोण? ड्रिपर तुंबले असतील. पाण्याचे मीटर मंद झाले असेल. किंवा प्रेशर गेजच दाब जास्त दाखवत असेल. रोज एकाच दाबाला, एकाच प्लॉटला पाणी देत राहिलात तर हे तिन्ही चोर एकाच पावलाचा ठसा सोडतात. वर्षभर नोंदी ठेवल्या तरी निवाडा होत नाही.

म्हणून शास्त्र सांगते की यंत्राला जरा हलवून पाहा. आपल्या भाषेत सांगायचे तर :

पहिली चाचणी. त्याच मीटरवरून दुसऱ्या प्लॉटला पाणी सोडा. तेथेही तेवढ्याच टक्क्यांनी कमी भरले तर संशय मीटरवर. तेथे बरोबर भरले तर दोष पहिल्या प्लॉटच्या ड्रिपरमध्ये.

दुसरी चाचणी. व्हॉल्व्ह थोडा दाबून दाब उतरवा आणि पुन्हा वाचा. ड्रिपर तुंबले असतील तर एक किलोला जितके टक्के कमी, साधारण तितकेच ०.६ ला कमी भरतील. पण समजा गेजच ०.२ ने जास्त दाखवते. तर एक किलो दिसताना खरा दाब ०.८ असतो आणि पाणी साडेदहा टक्के कमी भरते. ०.६ दिसताना खरा दाब ०.४ असतो आणि पाणी १८ टक्के कमी भरते. टक्केवारी बदलली की समजावे, चोर गेजमध्ये आहे. ठिबकाचा जो वाकडा स्वभाव मघाशी अडचण वाटला, तोच येथे चोर पकडून देतो!

तिसरी खूण तर सोपी आहे. दाब नेहमीपेक्षा उतरला आहे आणि तरी मीटरवर हिशेबापेक्षा जास्त पाणी जाते आहे, तर नळी फुटली आहे किंवा एखादे टोक सुटले आहे. उंदरांचा उपद्रव असलेल्या फडात हे नेहमीचेच.

सावकाश येणारा बिघाड

एक सावधगिरीची सूचना. काही सभासद नोंदी ठेवतात, पण दर महिन्याला मागच्या महिन्याशी तुलना करतात. "मागच्या महिन्यात २५ हजार होते, आता साडेचोवीस आहे, फार फरक नाही." पुढच्या महिन्यात २४ हजार. तेव्हाही फार फरक नाही. असे करीत हंगाम संपेपर्यंत पाण्याचा पाचवा हिस्सा गळतो आणि एकदाही फार फरक पडलेला नसतो! बिघाड अंगवळणी पडतो तो असा. जुळवून घेणाऱ्या निरीक्षकातही हाच धोका आहे. त्याने बिघाडालाच यंत्राचा स्वभाव मानले तर तो सदैव "सर्व ठीक" म्हणत राहील. त्यावर उपाय एकच. ठिबक नवे असताना, फिल्टर धुऊन, नळ्या फ्लश करून घेतलेला पहिला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा आणि तो खोडायचा नाही. तुलना नेहमी त्या पानाशी.

बॉयलरवरही तेच

हा केवळ फडाचा प्रश्न नाही. आपला कारखाना ज्यावर चालतो त्या बॉयलरचेच घ्या. ड्रममधले पाणी किती, हे काचेत दिसते. कायद्यानेच बॉयलरला अशा दोन काचा लागतात, कारण एकट्या साक्षीदारावर एवढी जोखीम टाकायची नाही. पण बॉयलरचा स्वभावही वाकडा. गिरणीने एकदम जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात कमी होत असताना काचेत पातळी वर चढलेली दिसते! नुसत्या काचेवर विसंबून कोणी फीडचे पाणी कमी केले तर तो अनर्थाला आमंत्रण देतो. म्हणून मोठ्या बॉयलरच्या नियंत्रणात तीन आकडे एकत्र धरतात : ड्रमची पातळी, बाहेर गेलेली वाफ आणि आत आलेले पाणी. आले किती, गेले किती, याचा ताळेबंद शेजारी असला म्हणजे काचेची थाप चालत नाही. आपल्या बॉयलरवरचे कामगार काचा वारंवार ब्लो करून पाहतात आणि तासातासाला आकडे लिहितात, त्यामागे हे शास्त्र आहे. त्या वहीला कोणी कारकुनी समजू नये.

मोठमोठ्या कंपन्यांनीही हे विसरून चालत नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात बोईंग ७३७ मॅक्स जातीचे विमान समुद्रात पडले, १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात त्याच जातीचे दुसरे विमान पडले, १५७ गेली. विमानाचे नाक हवेशी किती कोनात आहे हे सांगणारे सेन्सर त्यावर दोन होते. इंडोनेशियाच्या विमानात दोघांच्या सांगण्यात सुमारे २० अंशांची तफावत होती. पण विमानाचे नाक आपोआप खाली करणारी यंत्रणा एका वेळी एकाच सेन्सरचे ऐकत असे. दुसऱ्याला विचारण्याची सोय तिच्यात ठेवलेली नव्हती. या दोन अपघातांनंतर जगभर ही विमाने जमिनीवर उभी करावी लागली, आणि यंत्रणेने दोन्ही सेन्सर ताडून पाहावेत अशी दुरुस्ती झाल्यावरच ती पुन्हा उडाली.

१९७८ ते २०१८ म्हणजे चाळीस वर्षे. शास्त्र पुस्तकात तयार होते. आज पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांत ते शिकवले जाते. पण पुस्तकातले शास्त्र यंत्रात आणि यंत्रातले माणसाच्या सवयीत आल्याखेरीज कोणाचा जीव वाचत नाही आणि कोणाचा ऊसही पिकत नाही.

आपण काय करावे?

आज ठिबकाखालचे क्षेत्र वाढते आहे, आणि त्याबरोबर स्वयंचलित पेट्या येत आहेत. पेटी घेऊ नका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रात्रीच्या विजेला जागणाऱ्या शेतकऱ्याला ती वरदान आहे. पण पेटी तिच्या सेन्सरचेच ऐकणार. सेन्सर म्हणाला ओल आहे, तर ती मोटर चालवणार नाही. ऊस तक्रार करीत नाही. तो नुसता आखूड राहतो, आणि ते कळते तोडणीच्या वेळी, टनेजमध्ये. तेव्हा सर्व सभासदांना पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. ठिबक असलेल्या प्रत्येकाने एक वही घालावी. तारीख, गेजवरचा दाब, मीटरवरचे ताशी पाणी, हिशेबाने यायला हवे ते पाणी आणि तफावत, असे पाच रकाने. पहिल्या पानावर नव्या ठिबकाचा आकडा.

२. मीटर नसेल तरी अडत नाही. औषधाचे माप असते तसले मोजपात्र ड्रिपरखाली धरा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून एक किलो दाबाला तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. सरीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे निदान दहा-बारा ड्रिपर मोजून सरासरी काढा. हा तुमचा दुसरा साक्षीदार.

३. महिन्यातून एकदा दाब बदलून आणि प्लॉट बदलून वरच्या दोन चाचण्या घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

४. ओलाव्याच्या सेन्सरशेजारी आठवड्यातून एकदा फावड्याने वीतभर माती काढून मुठीत दाबून बघा. सेन्सर आणि मूठ यांचे जमत नसेल तर लगेच कोणालाच खोटे ठरवू नका. दोन-तीन पाळ्या दोघांच्या नोंदी ठेवा. मुठीला वाफसा आजही चांगला कळतो.

५. तफावत सतत एकाच बाजूला राहिली, तर वही घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. नुसते "पाणी कमी पडतंय" म्हणण्यापेक्षा आठ पाळ्यांचे आकडे समोर असले, तर ड्रिपर, मीटर की गेज, हे तेथे बसल्या बसल्या ठरवता येते. नको तेथे आम्लप्रक्रियेचा आणि नवीन नळ्यांचा खर्च वाचतो.

वही घालायला यंदाच्या लागणीचा मुहूर्त चांगला आहे. नव्या ठिबकाचा पहिला आकडा एकदाच मिळतो. नळ्या अंथरून झाल्या की पहिल्या पाळीलाच तो घ्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा, ही सर्व ऊस उत्पादक सभासदांना नम्र विनंती.